जबल शम्सच्या कड्याने, मुलांना घेऊन

आमच्या खेड-चिपळूणच्या पट्ट्यात मुस्लिम वस्तीतले असे घर शोधूनही सापडायचे नाही, ज्यातले कोणी ना कोणी आखातात नोकरीला गेलेले नाही. कुवेत, दुबई, मस्कत ही नावे आमची मुले रत्नागिरीच्या आधी शिकतात. तिकडून येणाऱ्या पेटीतून अत्तर येते, खजूर येते, मऊ चादरी येतात. तिथला डोंगर मात्र कोणी पेटीत घालून आणत नाही. त्यामुळे आखात म्हणजे वाळू आणि उंच इमारती, एवढेच आमच्या मुलांच्या डोक्यात होते. खरे सांगायचे तर आमच्याही.

मुलांचे मामू बारा वर्षांपासून मस्कतला आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुटीआधी त्यांचा फोन येतो, "या वर्षी तरी या." दरवर्षी आम्ही इन्शाअल्लाह म्हणतो आणि सुटी पेपर तपासण्यात संपते. या वेळी मात्र आम्ही पाचही जण खरोखरच गेलो. आम्ही नवराबायको, थोरली मुलगी दहा वर्षांची, मधला मुलगा साडेसातचा आणि धाकटी नुकतीच पाच पूर्ण केलेली. मुंबईहून मस्कत अडीच-तीन तासांचे विमान. घड्याळ दीड तास मागे करावे लागते, याचे मधल्याला फार अप्रूप. "म्हणजे आपल्याला दीड तास फुकट मिळाला," असा त्याचा हिशेब.

मामूंनी विचारले, काय बघायचे? मॉल, समुद्रकिनारा, मोठी मशीद, ही यादी त्यांनीच सांगितली. थोरलीने शाळेच्या ॲटलासमध्ये ओमानच्या नकाशावर तपकिरी रंगाचा जाड पट्टा पाहिला होता. ती म्हणाली, "मामू, इथे डोंगर आहेत ना?" मामू थोडे ओशाळले. बारा वर्षांत कामावरून खोली आणि खोलीवरून काम यापलीकडे तेही फारसे गेले नव्हते. मग त्यांनीच ऑफिसातल्या लोकांना विचारून ठरवले: जबल शम्स. म्हणजे सूर्याचा डोंगर. ओमानमधला सर्वात उंच, सुमारे 3,000 मीटर. आपले कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट.

ओमानमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी फजरनंतर मस्कत सोडले. मामू, मुमानी आणि आम्ही पाच. उंच चाकांची गाडी भाड्याने घेतलेली, कारण वरचा काही रस्ता कच्चा आहे. वाटेत निजवा लागते. तिथे शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार भरतो. आपल्याकडे बकरा एका जागी बांधलेला असतो आणि गिऱ्हाईक फिरते, तिथे उलटे. गिऱ्हाईक गोल करून बसते आणि विकणारे आपापली जनावरे घेऊन त्या गोलात फिरत राहतात. बोली चालता चालताच लागते. धाकटीने एक पांढरे कोकरू इतके मनावर घेतले की तिला तिथून उचलून न्यावे लागले. शेजारी निजव्याचा किल्ला, सतराव्या शतकातला, त्याचा प्रचंड गोल बुरूज. मुलांनी तो पाहिला न पाहिला. जुम्म्याची नमाज निजव्यातच अदा करून आम्ही पुढे निघालो.

अल हमरा गावानंतर घूल लागते आणि तिथून घाट सुरू होतो. घाट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रघुवीर घाट येतो, धुके, ओलावा, पाण्याच्या धारा. इथे एक पान नाही. डोंगर नुसता दगडाचा, थरावर थर रचलेला, राखी आणि तांबूस. मधला बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "याचे कपडे कोणी काढले?" मुमानी हसू आवरून म्हणाल्या, "असं बोलू नये, बेटा." पण आम्हालाही त्याच्यापेक्षा नेमके काही सुचले नसते.

वर पठार आहे, आणि पठार चालता चालता एकाएकी संपते. पुढे काही नाही. लोक या दरीला अरबस्तानची ग्रँड कॅन्यन म्हणतात. खरे नाव वादी नखर. वादी म्हणजे नदीची घळ, वर्षातले बहुतेक दिवस कोरडी. आमच्या मुलांना वाडीत राहायची सवय, त्यामुळे 'वादी'ला ती वाडीच म्हणत राहिली. कड्यावरून तळ सुमारे एक किलोमीटर खाली. तळाशी एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. मामूंनी सांगितले की तो मोटारीचा रस्ता आहे आणि खाली घळीत नखर नावाचे गाव आहे, लोक आजही राहतात. त्या रेघेवर मुंगीएवढी एक गाडी सरकली तेव्हा कुठे आम्हाला खोलीचा अंदाज आला, आणि अंदाज येताच आम्ही दोघांनी नकळत मुलांच्या मनगटांना हात घातला.

रात्र पठारावरच्या तंबूत काढली. थंडी कोकणातल्या माणसाला सोसेल त्यापेक्षा जास्त. ताऱ्यांबद्दल लिहीत नाही. तिन्ही मुले ते पाहण्याआधीच झोपली होती.

दरीच्या कड्यातून जाणारी एक पायवाट आहे. तिथल्या फलकांवर तिचा नंबर डब्ल्यू 6. अल खितैम नावाच्या छोट्या वस्तीपासून निघते आणि साधारण साडेतीन-चार किलोमीटरवर अस-साब नावाच्या ओसाड गावापर्यंत जाते. आल्या वाटेनेच परतायचे. इंग्रजीत तिला बाल्कनीची वाट म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे: वर उभा कडा, खाली उभा कडा, आणि मधे सज्जासारखी एक पट्टी, तिच्यावरून चालायचे. फरक इतकाच की या सज्जाला कठडा नाही.

मुलांना न्यावे की नाही, यावर रात्री तंबूत बरीच चर्चा झाली. ऑफिसातल्या एकाने मामूंना सांगितले होते, "माझी सहा वर्षांची मुलगी चालली." दुसऱ्याने सांगितले होते, "मुलांना घेऊन? वेड लागलंय?" दोघेही तिथे जाऊन आलेले. मुलांचे अब्बा म्हणाले, चढ फार नाही, वाट बहुतेक ठिकाणी दीड-दोन माणसांएवढी रुंद आहे, सावकाश जाऊ, जिथे नको वाटेल तिथून मागे फिरू. हे शेवटचे वाक्य बोलायला सोपे असते.

सकाळी साडेसहाला निघायचे ठरले होते. पावणेनऊला निघालो. एकाचा मोजा सापडेना, एकीला पराठाच हवा होता. ही पहिली चूक. थंड हवेत दोन तास चालणे आणि उन्हात दोन तास चालणे यातला फरक मुलांच्या पायांना आपल्यापेक्षा आधी कळतो. दुसरी चूक पाण्याची. बारा लिटर पाणी गाडीत ठेवले होते. दीड लिटरच्या दोन बाटल्या मागच्या सीटखाली घरंगळल्या त्या तिथेच राहिल्या, आणि हे आम्हाला परत आल्यावर कळले. म्हणजे सात माणसांत नऊ लिटर. हवा वीसएक अंशांची, छान गार. त्यामुळे घाम येत नाहीसा वाटतो. येतो, पण कोरड्या वाऱ्यात वाळून जातो.

निघण्याआधी नियम ठरवले. मुले भिंतीच्या बाजूला, मोठी माणसे दरीच्या बाजूला. पळायचे नाही. फोटो काढायचा तर आधी थांबायचे, मग काढायचा. चालता चालता मोबाईल नाही. दगड खाली फेकायचा नाही. शेवटच्या नियमावर मधल्याने हरकत घेतली. एवढी खोल दरी समोर असताना दगड फेकायचा नाही म्हणजे काय? त्याला सांगितले की खाली गाव आहे, बकऱ्या आहेत, माणसे आहेत. तू सोडलेला लिंबाएवढा दगड खाली पोहोचेपर्यंत काय होईल ते तूच ठरव. त्याने ठरवले आणि हातातला दगड खिशात टाकला.

वाटेवर जागोजागी दगडांवर पांढऱ्या, लाल आणि पिवळ्या रंगाचे पट्टे मारलेले आहेत, ते दिसले म्हणजे आपण बरोबर आहोत. धाकटीसाठी हेच मोठे काम झाले. पट्टा शोधायचा, हात लावायचा. तीन पट्टे झाले की एक खजूर. पाच वर्षांच्या मुलीला चार किलोमीटर चालवणे अशक्य आहे, पण पुढच्या पट्ट्यापर्यंत चालवणे मुळीच अवघड नाही. आम्ही वीस वर्षे वर्गात जे करतो तेच. फक्त इथे खजूर होते म्हणून मुले जास्त ऐकत होती.

सुरुवातीला थोडा उतार, मोठमोठ्या सपाट दगडांवरून. मग वाट कड्याच्या कमरेने आडवी जाऊ लागते. एका दगडात थोरलीला शिंपल्यासारखे काही दिसले. आम्ही वाकून पाहिले, खरोखरच शिंपल्याचा ठसा. हा सगळा डोंगर चुनखडीचा आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी जो समुद्राचा तळ होता, तो पुढे जमिनीच्या हालचालींनी वर उचलला गेला. हे सातवी-आठवीच्या मुलांना शिकवताना आम्ही फळ्यावर कितीतरी वेळा थर काढले असतील. पण जवळजवळ दोन हजार मीटरवर, जिथे प्यायला पाण्याचा थेंब नाही, तिथे शिंपल्यावर बोट ठेवणे वेगळेच. धाकटीने विचारले, "मग समुद्र कुठे गेला?" अब्बा म्हणाले, "आपल्या दाभोळला." तिला ते पटले. आम्ही त्यात दुरुस्ती केली नाही.

झाडे आहेत, पण मोजकी. कपारीतून वाकडी निघालेली रानटी ऑलिव्हची झाडे, थोडी झुडपे. आमच्या डोळ्यांच्या पातळीवर, आणि कधी आमच्या खाली, एक पांढरे गिधाड तरंगत होते. पक्ष्याची पाठ वरून पाहायला मिळणे हे मुलांना इतके नवल वाटले की तिघेही काही वेळ खरोखर गप्प बसली.

पहिला तासभर सगळे इतके सुरळीत गेले की आमचा धाक सैल झाला. असेच होते. धोका जिथे दिसतो तिथे माणूस सावध असतो. आपण निर्धास्त होतो ते सरळ, सोप्या तुकड्यावर.

या वाटेवर बकऱ्या फार. वस्तीतल्या लोकांच्या आहेत, मोकळ्या फिरतात, आणि चालणाऱ्या लोकांच्या पिशवीत काय असते हे त्यांना नीट माहीत आहे. एका वळणावर आम्ही विसावा घेतला तेव्हा एक काळी बकरी मागून आली आणि तिने मधल्याच्या हातातली चिक्कीची पिशवी ओढली. पिशवी गेली. तो तिच्यामागे पळाला. आठ-दहा पावले, भिंत सोडून, तिरका, दरीच्या दिशेने. बकरी एका बेचक्यातून खाली उतरून दिसेनाशी झाली. तो थांबला, पण त्याच्या पायांखालचा बारीक घसारा थांबला नाही. खडे निघाले, काठावरून गेले. ते खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

काठ त्याच्यापासून दोन हातांवर होता.

आमच्या तोंडून आवाज फुटला नाही आणि नंतर वाटले ते बरेच झाले, कारण हाक मारली असती तर तो दचकून वळला असता. मुलांच्या अब्बांनी अगदी नेहमीच्या आवाजात, जेवायला बस म्हणावे तसे म्हटले, "बस. आहेस तिथेच खाली बस." तो बसला. मग ते सावकाश त्याच्याजवळ गेले, काठाच्या बाजूने त्याच्या शेजारी बसले, त्याच्या सदऱ्याची मागची मूठ धरली, आणि दोघे बसल्या बसल्याच मागे सरकत भिंतीशी आले. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील. मुमानींच्या ओठांवर दुआ चालू होती. मामू दुसरीकडे तोंड करून उभे होते.

कोणी त्याला रागावले नाही. रागावण्याइतके बळच कोणात नव्हते. दहा मिनिटे तो शांत बसला, आणि मग एकदम रडू लागला. त्याला त्या चिक्कीचे काही नव्हते.

आता काय करायचे? तिथूनच मागे फिरलो असतो तर कोणी नावे ठेवली नसती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि दोघांच्याही मनात तेच होते. पण ज्या भीतीने त्याला घरी न्यायचे ती आयुष्यभर त्याच्यासोबत राहील, असेही वाटत होते. अब्बांनी त्यालाच विचारले, "काय करू या?" डोळे पुसत तो म्हणाला, "मी भिंतीला हात लावून चालेन." आणि तो तसाच चालला. उजव्या-डाव्याचा प्रश्न नाही, एक तळहात सतत दगडावर. जिथे वाट चांगली रुंद होती तिथेही. त्या दिवशी त्याचा तो तळहात रात्रीपर्यंत पांढरट राहिला होता. धाकटीला मात्र आम्ही सोडले नाही. अब्बांच्या सॅकचा लोंबता पट्टा तिच्या हातात दिला आणि तिच्या मागे लागून आम्ही, अशी आमची रांग पुढे सरकली.

अकराच्या सुमारास वाट कड्याच्या एका खोल कपारीत शिरली. वरून दगडाचे छप्पर आलेले, खाली सावली, बसायला मोठी जागा. पाणी मोजले. चार लिटरच्या आसपास उरले होते. रात्री आम्हीच ठरवले होते की अर्धे पाणी संपले की परत फिरायचे. अर्धे तर कधीच संपले होते. गाव आणखी किलोमीटरभर असावे असा मामूंचा अंदाज. धाकटी पाय पसरून बसली होती आणि आता पट्टा दाखवला तरी खजूर नको म्हणत होती.

थोरली काही बोलली नाही. ती न बोलणेच जास्त ऐकू येते. ॲटलासमधला तपकिरी पट्टा तिने शोधला होता, गावाचे नाव तिने वहीत लिहिले होते, सकाळी सर्वांत आधी तयार होऊन तीच बसली होती. धाकट्या भावंडांमुळे थांबावे लागणे हे थोरल्यांच्या नशिबात नेहमीचे; आमच्या घरातही ते रोज चालते, आणि ते आम्हाला रोज दिसतेच असे नाही.

मामू म्हणाले, "मी हिला घेऊन जातो. वीस मिनिटे जाणे, वीस मिनिटे येणे. एक लिटर पाणी द्या." मोबाईलला रेंज नव्हती. शेवटी ठरले: अकरा पाचला निघायचे, पावणेबाराला इथे परत; गाव येवो न येवो, वीस मिनिटे झाली की मागे वळायचे. हे बरोबर केले का? डोंगरावर चमू फोडू नये असे जाणते लोक सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात. आम्हाला आजही या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. त्या वेळी तिच्या तोंडाकडे पाहून आम्ही हो म्हटले, एवढे खरे.

कपारीत आम्ही पाच जण उरलो. मुमानींनी धाकटीला मांडीवर घेतले, ती झोपली. मधला भिंतीला पाठ लावून बसला आणि खिशातला सकाळचा दगड काढून न्याहाळू लागला. पावणेबारा वाजले. कोणी आले नाही. अकरा पन्नास. अकरा पंचावन्न. त्या दहा-बारा मिनिटांचे वर्णन करत नाही. ज्यांना मुले आहेत त्यांना ते सांगावे लागणार नाही आणि ज्यांना नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. अकरा अठ्ठावन्नला वळणावर मामूंची पांढरी टोपी दिसली आणि तिच्या आधी थोरलीचा आवाज.

ती पोहोचली होती. गाव पाहून आली होती. आम्ही जे काही अस-साब पाहिले ते तिच्या तोंडून. कड्याच्या छपराखालीच घरे आहेत, ती सांगत होती. मागची भिंत डोंगराची, पुढच्या दगड-मातीच्या, दारे इतकी बुटकी की मामूंना वाकावे लागले. आतल्या दगडावर चुलीची काजळी अजून आहे. समोर पायऱ्यांसारखी शेते, एकेक आपल्या ओटीएवढे, कडेला दगडांचे बांध. आता त्यात गवत. आणि वर कुठेतरी पाणी ठिबकत असावे, कारण तिथे हिरवे होते. "अम्मी, आपल्या आगरात पाट असतो ना, तसा पाण्याचा दगडी पाट होता एक. कोरडा." मग जरा थांबून म्हणाली, "तिथल्या मुलांना खेळायला अंगण कुठे होतं? दार उघडलं की शेत, आणि शेत संपलं की दरी."

पंधराएक कुटुंबे तिथे राहत असत असे सांगतात. पन्नासेक वर्षांपूर्वी ती हळूहळू वर पठारावर आणि खाली गावांत निघून गेली. त्याचे कारण शोधायला फार लांब जायला नको. 1970 साली साऱ्या ओमानमध्ये तीनच शाळा होत्या, आणि त्याही मुलग्यांच्या. पुढच्या वर्षांत देशभर रस्ते झाले, शाळा निघाल्या, दवाखाने आले. मग पाण्याचा हंडा आणि धान्याचे पोते गाढवावर लादून कड्याने ने-आण करायला कोण राहील? पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या तिथे मुले जन्मली, रांगली, चालायला शिकली, बकऱ्यांमागे पळाली. आम्ही ज्या वाटेवर चार जणांचे आठ डोळे लावून तीन मुलांना चालवत होतो, त्या वाटेने त्यांची मुले एकटी जात-येत असणार.

जोहरची वेळ झाली होती. आम्ही मुसाफिर, त्यामुळे दोनच रकात. पण वुजूचे पाणी? तीन लिटरमध्ये सात जणांना परतायचे होते. मामू म्हणाले, "तयम्मुम." मधल्याने मान वर केली. मकतबच्या किताबात तयम्मुमचा धडा त्याने पाठ केला होता, फराइज बोटांवर मोजून दाखवले होते, आणि आपल्या कोकणात, जिथे चार महिने आभाळ फुटलेले असते, तो धडा त्याला कधी खरा वाटला नव्हता. "खरंच करतात?" तो म्हणाला. आम्ही शाफई, त्यामुळे नुसता दगड चालत नाही, धूळ लागते. वाटेवर बकऱ्यांच्या पायांनी झालेली बारीक माती होतीच, पण ती स्वच्छ वाटेना; मग कपारीच्या आतल्या कोपऱ्यात कोरडी पांढरी धूळ सापडली. मामूंनी आधी करून दाखवले. एकदा हात टेकून चेहरा, दुसऱ्यांदा टेकून कोपरापर्यंत हात. मधल्याने त्यांच्यामागे केले, फार काळजीपूर्वक, जणू धूळ सांडली तर वाया जाईल. त्याच्या एका तळहाताला ती आधीच लागलेली होती.

परतीचा रस्ता लांब वाटतो, कारण जातानाचा उतार आता चढ असतो. सव्वाबाराला निघालो ते पावणेतीनला पोहोचलो. धाकटीला मोठ्या दगडांवर अब्बांनी पाठीवर घेतले, बाकी ती चालली. पाणी घोट-घोट, बाटलीच्या झाकणाने मोजून. मीठ-साखरेची दोन पाकिटे मुमानींच्या पर्समध्ये होती, ती फार उपयोगी पडली. ज्या वळणावर बकरीने पिशवी पळवली होती तिथे मधला क्षणभर थांबला, भिंतीवरचा हात न काढता मान लांब करून त्याने काठाकडे पाहिले, आणि पुढे गेला.

कोणाला मुले घेऊन जायचे असेल तर एवढेच सांगतो: थंडीच्या दिवसांतच जा, आणि सूर्य वर येताच वाटेला लागा, आमच्यासारखे पावणेनऊला नाही. माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या, आणि निघण्याआधी ते सीटखालीही शोधा. चपला-सँडल नकोत, पकड असलेले बूट हवेत. पावसाची नुसती शक्यता असली तरी त्या भागात जाऊ नका. कोरड्या वादीला पूर यायला वेळ लागत नाही. एका मुलामागे एक मोठे माणूस हवेच. ज्या मुलाला "थांब" म्हटल्यावर थांबता येत नाही, त्याला आणखी दोन वर्षांनी न्या. आमच्या मधल्याला त्या दिवसापर्यंत ते येत नव्हते, हे आम्हाला ठाऊक होते.

अल खितैमला जिथे गाडी लावली होती तिथे स्थानिक बाया आणि मुले लोकरीच्या वस्तू मांडून बसतात. हातमागाचे लाल-काळे गालिचे, आणि बारीक विणलेल्या किल्ल्यांच्या गोंड्या, मनगटात बांधायच्या पट्ट्या. एका म्हाताऱ्या बाईने आमची धुळीने माखलेली रांग येताना पाहिली. तिने थोरलीकडे बोट करून विचारले, "साब?" थोरलीने मान हलवली. मग त्या बाईने धाकटीकडे पाहिले, आपला तळहात जमिनीला समांतर धरला, साधारण धाकटीच्या डोक्याएवढ्या उंचीवर, दुसऱ्या हाताने स्वतःच्या छातीकडे दाखवले, आणि आम्ही आलो त्या कड्याकडे.

मामूंचे अरबी गोदामातले, हिशेबापुरते. त्यांनी दोन-तीन वाक्ये विचारली, तिने बरेच काही सांगितले, त्यातले त्यांना थोडेच कळले. तिने मांडलेल्या वस्तूंतून एक लाल पट्टी उचलून धाकटीच्या मनगटाला बांधली. मामूंनी पैसे पुढे केले तर हात मागे सारला.

मग मधला आणि थोरलीही मनगट पुढे करून उभी राहिली. त्या दोन पट्ट्यांचे तिने पूर्ण पैसे घेतले, मोजून.